फॅमिली फोटोसाठी कपडे ठरवताय? या चुका टाळा

घरच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी पांढरा शर्ट आणि जीन्स’ असा मेसेज पडला की कपड्यांचा विषय मिटला असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात एकाचा पांढरा निळसर असतो, दुसऱ्याचा मोतिया, तिसऱ्याचा धुऊन धुऊन पिवळट झालेला. वेगवेगळे असताना हे कळत नाही. शेजारी उभे राहिले की तिसरा मळका दिसतो. त्यात दुपारचं ऊन असेल तर पांढऱ्या कापडावरच्या चुण्या, बटणं सगळं फोटोत उडून जातं. ते वाचवायला फोटोग्राफर उजेड कमी धरतो आणि आपले सावळे चेहरे आणखी काळवंडतात.

एकच रंग सगळ्यांना

त्यापेक्षा एकमेकांना धरून राहणारे दोन-तीन रंग घ्या. सुरुवात कुठून करायची? ज्या माणसाकडे पर्याय सर्वांत कमी, तिथून. बहुतेक घरांत ती आजी असते. तिची जांभळी पैठणी ठरलेली असेल तर ती बदलायला लावू नका. त्या जांभळ्याभोवती बाकीचे रंग बसवा: मुलाला मोतिया कुर्ता, सुनेला फिकट गुलाबी किंवा काठातल्याच हिरव्याची मवाळ छटा, नातवंडांना साधा राखाडी. घरातल्या सगळ्याच बायका पैठणी नेसल्या तर नजर कुठेच ठरत नाही.

पैठणीची आणखी एक गोष्ट. तिचं सगळं देखणेपण पदरात, आणि समोरून काढलेल्या फोटोत पदर जातो पाठीमागे! मोर दिसायलाच हवेत ना? मग आजीला खुर्चीवर किंचित तिरपं बसवा, पदर पाठीमागून पुढे घेऊन हातावरून मांडीवर सोडा आणि खांद्याशी पिन लावा. समोरून थेट फ्लॅश मारला की जरीवर पांढरे चट्टे उठतात. फ्लॅश छताकडे किंवा भिंतीकडे वळवायला सांगा. नाहीतर खिडकीचा उजेड केव्हाही चांगला.

संक्रांतीचा काळा

बोरन्हाणाला किंवा नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला सगळे हौसेने काळं घालतात. घालावंच. पण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की काळ्यात काळं मिसळतं आणि कोणता हात कोणाचा तेच समजत नाही. माणसांमध्ये थोडी फट ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. हलव्याचे दागिने घातलेली सून किंवा बाळ मधोमध असू द्या. जरीकाठाची चंद्रकळा साध्या काळ्या कुर्त्याच्या शेजारी आली तरी दोघं वेगळे उठून दिसतात.

जागा न बघता कपडे

पुण्यात पाताळेश्वरच्या लेण्यात फोटो काढायचे ठरले तर मागे काळा बसाल्ट दगड येणार. तिथे गडद निळा आणि चॉकलेटी दगडातच जिरून जातात; हळदी, शेंदरी, मोतिया उठून दिसतात. पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला जाणार असाल तर हिरवं घरीच ठेवा. समुद्रावर वाऱ्याने शिफॉनचा पदर सतत तोंडावर येतो, तिथे अंगासरशी बसणारी सुती साडी किंवा कुर्ताच बरा.

भडक पोपटी किंवा राणी रंग गळ्याशी असेल तर उन्हात त्याची झाक हनुवटीवर उमटते. असा कपडा आधीच घातला असेल तर ओढणी सैल करून गळ्यापासून खाली घ्या आणि सावलीत उभे राहा. बारीक चौकड्या आणि दोऱ्यासारख्या रेघांचे शर्ट टाळा. स्क्रीनवर फोटो लहान झाला की त्यावर लाटा नाचताना दिसतात.

आयत्या वेळची फजिती

उन्हात काळा होणारा चष्मा हा आजोबांच्या फोटोचा ठरलेला शत्रू. काच पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटं लागतात. जुना साधा चष्मा बरोबर घ्या. तो नसेल तर सावलीत उभे राहा, चष्मा तोवर डबीत ठेवा आणि अगदी क्लिकच्या वेळी लावा.

लहान मुलांना कोरा कुर्ता त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. गळ्याची जर टोचते, मूल मान खाजवत राहतं आणि मग सगळ्या फोटोंत एक हात वर. आधी एकदा धुऊन घरात घालून बघा, आतून मऊ अस्तर लावून घ्या. कडक इस्त्रीचे कपडे गाडीत घालून बसलात तर उतरताना मांडीवर घड्या पडलेल्या असतात. ते हँगरवर न्या आणि तिथे बदला.

खिशातले मोबाईल, किल्ल्या आणि मनगटातले केसांचे रबर आधी एका पिशवीत जमा करा.

आदल्या रात्री नव्हे, चार-पाच दिवस आधी सगळ्यांचे कपडे खिडकीजवळच्या पलंगावर शेजारी शेजारी मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. तो कृष्णधवल करून बघितला की कोणते दोन कपडे एकमेकांत मिसळतात ते लगेच कळतं. त्याच फोटोत चपला-बूटही ठेवा, कारण पैठणीखाली रबरी स्लिपर आणि कुर्त्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज हे हमखास तिथे पोचल्यावरच लक्षात येतं.