चाळिशी-पन्नाशीत पळताय? मग निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी बघा

या वयात शरीर लगेच तक्रार करत नाही, उशिरा करतं. सोलापुरात होम मैदानावर ७-८ किलोमीटर मस्त झाले, अंग गरम, गुडघा गप्प, ग्रुपबरोबर चहा झाला, आंघोळ करून कामाला गेलात आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत अशी कळ येते की भिंत धरून बाथरूम गाठायचं. म्हणून चाळिशीनंतर रन कशी झाली ते घड्याळातल्या पेसवरून, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्यावरून, ठरवणं सोडा. सकाळची पहिली दहा पावलं आणि जिन्याच्या चार पायऱ्या काय म्हणतात त्यावर ठरवा.

करायचं असं, की दुखण्याला ० ते १० मार्क द्यायचे. पळताना ३ पर्यंत असेल, पळता पळता वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीएवढंच असेल तर चालू ठेवा, घाबरायचं कारण नाही. पळताना २ च होतं पण सकाळी ५ झालं तर कालची रन जास्त झाली, पुढची निम्म्यावर आणा. पळताना ५ च्या वर गेलं किंवा चाल बदलली, म्हणजे नकळत लंगडायला लागलात, तर तिथंच थांबा आणि रिक्षा करून घरी या, त्यात लाज कसली. मोबाईलमध्ये दोनच आकडे लिहून ठेवा, रनचा आणि सकाळचा. महिन्याभरात तुमचं तुम्हालाच कळतं की कुठल्या रस्त्यानं, कुठल्या बुटानं आणि कुणाच्या नादानं दुखतंय.

आता असं का होतं ते थोडक्यात. तिशीनंतर दर दहा वर्षांला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, काही केलं नाही तर. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, त्याला रक्तपुरवठा आधीच कमी, तो सावकाश तयार होतो आणि सावकाश बरा होतो. दम मात्र लवकर वाढतो, सहा-आठ आठवड्यांत छाती म्हणते अजून पळ, आणि पोटरी-टाच अजून मागच्या महिन्यातच असते. बहुतेक दुखापती ह्या मधल्या फटीत होतात. म्हणून लांब रनचा एक हिशेब ठेवा, गेल्या महिनाभरातल्या सगळ्यात लांब रनपेक्षा एका फटक्यात १० टक्क्यांच्या वर उडी नको. १० झाले असतील तर पुढचा ११. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणणारच, चल की ओ मालक आज १५ करू, त्याला हसून हात जोडायचे.

आणि ते "पळून गुडघे झिजतात" प्रकरण. घरातले, शेजारचे, लग्नात भेटणारे मामा, सगळे सांगतात. २०१७ साली बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं तेव्हा हौशी रनर्समध्ये गुडघा-खुब्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांना होता, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे हौशीनं पळणाऱ्याचा गुडघा सोफ्यावरच्या मामांपेक्षा बरा निघाला, त्यांना सांगू नका, उगाच वाद. पण ज्यांचा गुडघा आधीच सुजतो, लॉक होतो, मध्येच दगा देतो, त्यांनी हे आकडे आपल्याला लावून घेऊ नयेत, आधी ऑर्थोपेडिकला दाखवावं.

टाच आणि टॉवेल

सकाळी पहिल्या पावलाला टाचेखाली कळ, दहा पावलांनी कमी, बराच वेळ बसून उठलं की परत, हे बहुतेक वेळा प्लांटर फॅसायटिस, म्हणजे तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, असतं. लोक बर्फाची बाटली पायाखाली फिरवतात, मऊ चप्पल घेतात, बरं वाटतं पण तेवढंच. खरा उपाय म्हणजे त्या तळव्याला आणि पोटरीला ताकद देणं, आणि त्याला लागणारं सामान आपल्या गावात घरोघरी आहे. सोलापुरी टॉवेल घ्या, जाड असेल तर उत्तम, घट्ट गुंडाळी करा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेला ठेवा. एका पायाची बोटं त्या गुंडाळीवर, म्हणजे बोटं वर उचललेली राहतील, टाच पायरीच्या बाहेर हवेत, हात कठड्याला. आता ३ सेकंद घेत टाच वर, २ सेकंद वर थांबा, ३ सेकंद घेत खाली, पायरीच्या पातळीच्याही खाली. असे १२, तीन वेळा. एक दिवसाआड, रोज नको. दोन आठवड्यांनी १२ सोपे वाटायला लागले की पाठीवर सॅक घ्या, त्यात ज्वारी नाहीतर तांदूळ भरा, आणि १० वर या, सेट चार करा. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८, सेट पाच. सॅक गच्च भरलेली, टाच लोंबकळतेय, खालून वर येणाऱ्या शेजाऱ्यांना वाटतं ह्यांना झालंय काय, वाटू दे. करताना थोडं दुखणार, तो ३ मार्कांचा नियम इथंही लागू. फरक पडायला तीन महिने धरून चाला, आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडणारे लईच भेटतात.

टाचेच्या मागच्या बाजूला, अकिलीसला (पोटरी टाचेला जोडणारा टेंडन) दुखत असेल तर जवळपास हाच व्यायाम टॉवेलशिवाय, एकदा गुडघा सरळ ठेवून एकदा किंचित वाकवून, फक्त सावकाश खाली येण्यावर जोर. ह्याचा जुना प्रसिद्ध हिशेब १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणं अगदी टाचेच्या हाडालाच असेल तर पायरीच्या खाली जाऊ नका, जमिनीवरच करा.

पोटरीचं वेगळं. चाळिशीतल्या माणसाला पळताना अचानक मागून कुणी दगड मारल्यासारखं होतं, वळून बघतो तर कुणी नाही. तो पोटरीचा स्नायू असतो, त्याच दिवशी थांबा आणि मालिशवाल्याकडे तर अजिबात जाऊ नका. आणि टाचेच्या वर "टक्" आवाज आला, मग चवड्यावर उभंच राहता येईना, तर अकिलीस तुटलेला असू शकतो, त्याला घरगुती उपाय नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

गुडघ्याच्या वाटीमागं दुखतंय, जिना उतरताना, सिनेमा बघून उठताना, तर पावलं छोटी करा. ३० सेकंदात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा आणि ४ नं गुणा, १६० येत असतील तर १६८ वर न्यायचा प्रयत्न करा, वेग तोच ठेवून. ५ ते १० टक्के एवढा बदल पुरतो, पाय शरीराच्या फार पुढं पडणं थांबतं आणि वाटीवरचा भार कमी होतो. जोडीला मांडी आणि कुल्ल्याचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणं). हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण पळणं टिकवायचं तर ह्याला पर्याय नाही.

तर हे स्ट्रेंग्थचे दिवस कुठं बसवायचे? माझा सल्ला, पाणी यायच्या दिवशी. आपल्याकडं काही दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी टाकी, पिंप, मोटर ह्याच्यात सकाळ जाते, रन होतच नाही आणि मग चिडचिड. त्यापेक्षा पायरी-टॉवेलच्या दिवसांतला एक तोच ठरवून टाका, मोटर चालू करून जिन्यातच उभं राहायचंय.

ऊन, रस्ता, कुत्री

मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री नेहमीचं. उन्हाळ्यात सूर्य सहाच्या आतच उगवतो त्यामुळं पाचला बाहेर पडलात तरच काही मजा आहे, साडेसातनंतर पळणं म्हणजे हट्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढायला लागतं तेव्हा शरीराला सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेवढे दिवस पेस विसरा, बोलता येईल एवढ्याच वेगानं पळा. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांवर दम लागला तर वेग जास्त आहे, थंडीतही आठवड्यातलं बहुतेक पळणं ह्याच वेगात हवं. तासापेक्षा जास्त असेल तर नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. आल्यावर मीठ घातलेलं ताक, त्याच्याएवढं चांगलं काही नाही (हे माझं मत, पावडरवाल्यांचं वेगळं असेल).

रस्ता शक्यतो बदलता ठेवा. किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला, कंबर तलावाकडं सकाळी बरं असतं. होम मैदानाची माती पायाला चांगली, फक्त जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की ते गेलं, मग लोक एकदम सगळं डांबरावर आणतात आणि फेब्रुवारीत नडग्या धरून बसतात, तर डिसेंबरपासूनच आठवड्यातली एक रन रस्त्यावर घ्यायला लागा. विजापूर रोड, होटगी रोडला अंधारात जड गाड्या असतात, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूनं पळा आणि हलक्या रंगाचा शर्ट घाला. कुत्री मागं लागली तर पळणं बंद, चालायला लागा, डोळ्याला डोळा नको, हातात छोटी काठी असू द्या. चावलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, हळद-चुना नको.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारे आपल्यात बरेच असतात, साधारण ४५ किलोमीटर, रात्रभर, आणि बरेचसे चपलेवर नाहीतर अनवाणी. जा की, पण ते मोठ्या रेससारखंच धरा. आधीचे तीन-चार दिवस पळणं कमी, नंतर आठवडाभर फक्त चालणं. श्रद्धेचं चालणं म्हणून टेंडन सूट देत नाही.

सुट्टीनंतर परत कसं यायचं

दुखापतीनं तीन-चार आठवडे बंद असेल तर आधी ३० मिनिटं भरभर चालून बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक असेल तरच पुढं. मग १ मिनिट हळू पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. सलग तीन वेळा सकाळ चांगली गेली की २ आणि १, मग ४ आणि १. ह्यात कमीपणा वाटून घेऊ नका, जेफ गॅलोवे नावाचे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळालेले गृहस्थ, त्यांनी हा पळा-चाला प्रकार जगभर शिकवला. आणि कॅनडाचे एड व्हिटलॉक, गुडघ्याच्या दुखण्यानं मध्ये मध्ये थांबावं लागायचं, तरी ७३ व्या वर्षी, २००४ मध्ये टोरंटोला २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदात मॅरेथॉन. आपल्याला तसं जमणार नाही, पण थांबून परत येता येतं एवढं तरी दिसतं. बंद काळात सायकल, पोहणं चालू ठेवा, दम टिकतो.

दुखणं दाबायला गोळी घेऊन पळू नका. सकाळचा निकालच खोटा लागतो, आणि उन्हात अंगातलं पाणी कमी असताना ब्रुफेनसारख्या गोळ्या किडनीला भारी पडतात.

खाण्याचं फार लांबवत नाही. वजनाच्या किलोमागं १.२ ग्रॅम तरी प्रोटीन हवं, ६५ किलोच्या माणसाला जवळपास ७८ ग्रॅम. ज्वारीच्या एका भाकरीत ७-८ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाण्यात १०, अंड्यात ६. शेंगाचटणी चांगलीच, पण दोन चमचे चटणीत ४-५ ग्रॅमच येतं आणि वाटीभर खाल्ली तर तेल-कॅलरी लई, त्यामुळं मटकी, डाळ, दही, अंडी मुद्दाम वाढवा. तंबाखूचा मावा तोंडात ठेवून पळणारेही बघितलेत, त्यांना काय सांगणार.

बायकांनी पाळी जाण्याच्या आसपास हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी बघून घ्यावं आणि हाडांची घनता तपासायची का ते डॉक्टरांना विचारावं, त्या काळात हाड भराभर पातळ होतं. एकाच ठिकाणी बोटानं दाबल्यावर हाड दुखतंय, रात्रीही दुखतंय, तर ते स्नायूचं समजू नका, हाडाला बारीक चीर असू शकते, तिथं ३ मार्कांचा नियम चालत नाही, पूर्ण थांबा. हे पुरुषांनाही लागू.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू करत असाल, किंवा घरात लवकर हार्ट अटॅक झालेला असेल, बीपी-शुगर असेल, तर ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करूनच या. पळताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, विचित्र घाम, चक्कर, ह्यातलं काहीही झालं तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन. शुगरवाल्यांनी रन झाल्यावर तळपाय रोज डोळ्यांनी बघायचे, फोड आलेला कळतच नाही कधी कधी.

शेवटी रेसचं. नोंदणी करून ठेवली, पैसे भरले, आणि दोन लांब रननंतर सकाळ वाईट गेली, तर २१ किलोमीटरचं १० करा, आयोजकांना मेल टाका, बरेच जण कॅटेगरी बदलून देतात. नाहीच जमलं तर घरी थांबा. फक्त आपला बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) मित्राला देऊ नका, वाटेत त्याला काही झालं तर मेडिकल टीमसमोर नाव, वय, रक्तगट आणि घरचा नंबर सगळं तुमचं येतं आणि फोन तुमच्या बायकोला जातो.