‘धार कुणी लावली?’ : नवा वस्तरा घेण्याआधी विचारायचा प्रश्न

माझे आजोबा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे नाभिक. बलुतं होतं. सुगीला खळ्यावरून भात यायचं, त्यावर वर्षभर घरोघरच्या दाढ्या आणि डोकी. त्यांच्या धोकटीतला वस्तरा आज माझ्याकडे आहे. पात्याच्या बुडाशी ‘झोलिंगेन’ या वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाच्या नावाची अक्षरं निम्मी झिजलीत, पण धार अजून धरतो. मी स्वतः बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूमला सरफेस ग्राइंडरवर काम करतो, म्हणजे धार हा आमच्या घरात दोन पिढ्या पोटाचा विषय. म्हणून ओळखीतली पोरं विचारतात, “अण्णा, वस्तरा घ्यायचाय, कुठला घेऊ?” मी म्हणतो, कुठला ते मागनं बघू, आधी कुणाकडनं ते ठरव.

असं का, ते सांगतो. नवा वस्तरा डब्यातून काढला की गिऱ्हाइकाला फक्त चकाकी दिसते. पातं किंचित वाकलंय, दोन्ही बाजूंचा उतार सारखा नाही, घासताना पोलाद तापून मऊ पडलंय, यातलं काहीच नव्या माणसाला कळत नाही. शिवाय बऱ्याच कारखान्यांतून येणारी धार थेट गालाला लावण्याजोगी नसते. शेवटचं बारीक काम कुणीतरी दगडावर हातानं करावं लागतं, आणि चांगला विक्रेता ते करूनच वस्तरा पाठवतो. म्हणजे पोलाद कारखान्याचं, पण दाढी होणार ती विक्रेत्याच्या हातावर.

हे मी पैसे घालवून शिकलोय. चार वर्षांमागे लाटालाटांची नक्षी असलेला एक ‘डमास्कस’, म्हणजे पोलादाचे थर जोडून घडवलेला म्हणून विकला जाणारा वस्तरा मोबाईलवर बघून मागवला, १,८५० रुपयांना. सपाटी तपासायच्या ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवला तर खालून उजेड दिसला. दगडावर एक बाजू फक्त दोन टोकांना टेकायची, दुसरी फक्त मधोमध. पातंच वाकडं! बारीक पॉलिश पेपरनं घासलं तर लाटा गेल्या. खऱ्या थरांच्या पोलादाला ॲसिड लावलं की नक्षी पुन्हा उठते. इथं काहीच उठलं नाही, ती नुसती वर छापलेली होती. विकणाऱ्याचा फोन बंद, पत्ता अर्धवट. पैसे गेले ते गेलेच, पण आजोबांच्या हत्याराचं नाव अशा लोखंडाला देतात याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता तुम्ही घेताना काय करायचं?

पहिल्यांदा कुठला वस्तरा हवा ते नीट बोला. गणपत गल्ली, खडेबाजार भागात सलूनचं सामान विकणाऱ्याकडे ‘वस्तरा’ मागितला तर बहुतेक वेळा अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा पुढ्यात येतो. सलूनला तोच बरोबर आहे, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लागतं. पण तो वेगळा, धार लावायचा अख्ख्या पात्याचा वेगळा. जाहिरातीत ‘सोबत दहा ब्लेड मोफत’ लिहिलं असेल तर तो आपल्याला हवा तो नाही. दुकानदाराला हा फरक सांगता आला नाही तर तिथनं बाहेर पडा.

मग फोन करा. मेसेज नको, फोनच करा, आणि एकच प्रश्न विचारा: “याला धार कुणी लावली?”

“कंपनीची धार आहे सर, एकदम शार्प, कागद कापून बघा,” असं उत्तर आलं तर फोन ठेवा. कागद तर भाजीची सुरीही कापते. ज्याला काम कळतं तो लगेच दगडांवर बोलायला लागतो. दगडाचा आकडा वाढेल तसा दगड बारीक. साधारण १,००० वर उतार बसवतात, मग ५,००० किंवा ८,०००, शेवटी १२,००० आणि त्यावर चामड्याचा पट्टा. कुणी बेल्जियमच्या नैसर्गिक दगडाचं नाव घेईल, तेही चालतं. पण कुणी ‘मशीनवर लावतो’ म्हणाला तर मी ठाम नाही म्हणतो. रोज ग्राइंडरवर उभा असतो, म्हणून सांगतो: वस्तऱ्याच्या पातळ धारेला फिरत्या चाकावर तापायला क्षणभर पुरतो. पात्याच्या कडेला निळसर झाक आली की तिथलं पोलाद मऊ पडलं समजा. मग कितीही घासा, धार टिकत नाही. त्याच कारणानं घरचा वस्तराही सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावणाऱ्याला कधी देऊ नका.

त्या फसवणुकीनंतर मी ज्याच्याकडनं वस्तरा घेतला त्यानं मलाच उलट विचारलं, “तुमच्याकडे पट्टा आहे का? नसेल तर आधी तो घ्या, वस्तरा नंतर पाठवतो.” विक्री पुढं ढकलायला तयार असलेला माणूस! तिथंच माझा निम्मा विश्वास बसला. मी शिकणाऱ्यासाठी म्हणून विचारलं तेव्हा त्यानं महागडा दाखवला नाही. पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश इंच रुंदीचा, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटरचा, गोल टोकाचा घ्या म्हणाला. चौकोनी टोक नवख्याच्या कानाखाली रुततं. हा सल्ला मीही देतो.

फोटो मागा, पण जाहिरातीतला नको. तुम्हाला येणार त्याच नगाचा हवा. एक फोटो पात्याच्या पाठीकडून सरळ, वाक दिसावा म्हणून. एक धारेजवळचा, दोन्ही बाजूंचा उतार सारख्या रुंदीचा आहे का ते बघायला. आणि एक मिटलेल्या वस्तऱ्याचा: पातं मुठीच्या दोन पाळ्यांच्या बरोब्बर मधे बसायला हवं. एका पाळीला घासत असेल तर एक दिवस धार तिथंच मोडणार. प्रामाणिक विक्रेता हे फोटो दोन मिनिटांत पाठवतो. ‘सगळे नग सारखेच असतात’ म्हणणारा बहुधा डबा उघडून बघतच नाही.

गावाच्या नावावर भाव लावणारे पुष्कळ. जर्मनीत ‘झोलिंगेन’ या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. महत्त्वाचं सगळं काम त्या भागात झालं तरच ते नाव लावता येतं. डोव्हो, बोकर ही तिथली नावं, फ्रान्समध्ये तिएर गावचं तिएर-इस्सार. असा नवा वस्तरा कुणी हजार-दीड हजारात देत असेल तर खात्रीनं समजा की पोलाद दुसरीकडचं आणि शिक्का तेवढा तिथला. आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देश, आयातदाराचं नाव-पत्ता आणि किंमत छापलेली हवी. ऑनलाइन विकणाऱ्यालाही मूळ देश दाखवावा लागतो. परदेशातून थेट मागवत असाल तर कस्टमचा भार कुणावर, ते आधी लेखी घ्या.

कच्ची चिठ्ठी घेऊ नका, पक्कं बिल घ्या. आपण सीमेवरची माणसं. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सहज खरेदीला जातो, कोल्हापूरचा बेळगावला येतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. दोन्ही चांगलेच, पण ‘आम्ही बेळगावचेच’ म्हणणाऱ्याच्या बिलावर भलताच आकडा असेल तर विचारा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक घातला की धंद्याचं नोंदलेलं नाव दिसतं. दुकानाच्या नावाशी जुळवून बघा. बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे वाचता येतातच.

परतीची अट आधी ठरवा. वापरलेला वस्तरा परत न घेणं रास्त आहे, मीही घेणार नाही. पण वाकडं पातं, भेग, गंज हे न वापरताही दिसतं, आणि त्यासाठी ‘परत घेऊ, कुरिअर आमच्याकडे’ असं विक्रेत्यानं लिहून द्यायला हवं. सहा-आठ महिन्यांनी धार गेली की पुन्हा लावून देणार का, किती घेणार, हेही विचारा. जो वर्षानुवर्षं आपल्याच मालाला धार लावून देतो, तो वाकडा माल विकून पुन्हा पुन्हा आपलंच काम वाढवून घेत नाही.

आपल्याकडच्या पावसाचं विसरू नका. जांबोटी-कणकुंबीकडे आषाढात घरातली लोखंडी कडीसुद्धा गंजते. कार्बन पोलादाचा वस्तरा तिथं कुरिअरच्या गोणीत चार दिवस पडला तर ठिपके धरतो. पातं तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून पाठवणार का, असं विचारा. चांगला विक्रेता “त्याशिवाय पाठवतच नाही” म्हणतो.

पार्सल आलं की फोडताना मोबाईलवर अखंड व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या चिठ्ठीपासून. पट्ट्यावर फिरवायच्या आधी उजेडात धार वर करून धरा. धारेच्या रेषेवर कुठं चमकता ठिपका दिसला तर तिथं धार बोथट किंवा मोडलेली आहे. फोटो काढा, त्याच दिवशी विक्रेत्याला कळवा. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्या १,८५० रुपयांच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं, आणि व्हिडिओही घेतला नव्हता. आता प्रत्येक बिल आजोबांच्या धोकटीत, वस्तऱ्याशेजारी ठेवतो.