विचित्र बातमी फळ्यावर लिहिण्याआधी

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर मी रोज एक चक्रावून टाकणारी बातमी लिहिते. तुम्हीही लिहा, पण आधी तारीख बघा आणि पुढे काय झालं ते शोधा. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायद्याने जिवंत व्यक्ती ठरवलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अर्धीच बातमी लिहिली तर मुलं तेच खरं धरून चालतात! न्यूझीलंडच्या व्हांगानुई नदीला मात्र त्याच वर्षी संसदेने कायदा करून हा दर्जा दिला. म्हणून निर्णय कोणाचा, हेही लिहा.

बातमी हास्यास्पद वाटली म्हणून टाकू नका. चुंबकाने बेडूक तरंगवल्याबद्दल भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांना २००० साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा गमतीदार पुरस्कार, मिळालं; २०१० साली ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरासाठी, खरं नोबेल. खाली बेडकाचं चित्र जरूर काढा.