आवडते ब्लॉग चुकवायचे नसतील तर फीड जोडा

फेसबुकवर एखादं पान फॉलो केलं तरी त्याची प्रत्येक पोस्ट तुम्हाला दिसेलच असं नाही. काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतो. आरएसएस फीड म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या पोस्टची आपोआप ताजी होणारी यादी. ती फीड वाचायच्या ॲपमध्ये जोडली की नव्या पोस्ट थेट तिथे येतात, ही मधली चाळणी नसते. फीड वाचायचं गुगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा फीडचे दिवस संपले असं अनेकांनी धरलं, पण बहुतेक पॉडकास्ट आजही फीडवरच चालतात.

फीडली किंवा इनोरीडर या फीड वाचायच्या ॲपवर मोफत खातं उघडा आणि ब्लॉगचा पत्ता तिथल्या शोधचौकटीत चिकटवा. फीड बहुतेक वेळा आपोआप सापडतं. नाही सापडलं आणि ब्लॉग वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. यूट्यूब चॅनेलही असंच जोडता येतं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच लिहिणारा लेखक यामुळे नजरेतून सुटत नाही. माझ्या मते फीडचा खरा उपयोग हाच. दिवसभर बातम्यांचा मारा करणारी संकेतस्थळं मात्र जोडू नका, यादी तुंबते. आणि अधूनमधून यादीची ओपीएमएल फाइल (जोडलेल्या सगळ्या फीड्सचे पत्ते असलेली फाइल) उतरवून ठेवा, म्हणजे उद्या ॲप बदललं तरी सगळी फीड्स तशीच्या तशी नव्या ठिकाणी नेता येतील.