क्रांतिक स्थिरांक काढताय? या चुका टाळा

क्रांतिक स्थिरांक म्हणजे ज्या बिंदूपलीकडे वायू आणि द्रव वेगळे उरत नाहीत, तिथलं तापमान, दाब आणि आकारमान. बी.एस्सी.ची वही हातात आली की मी उत्तराआधी आर, म्हणजे वायू स्थिरांक, बघतो. निम्मा घोळ तिथेच असतो.

मागे शिकवणीत एकाने कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३.०४ केल्विन काढलं. "आलं की ओ सर!" व्हॅन डर वाल्सच्या वायू-समीकरणातून येणारं सूत्र बरोबर: ८ए भागिले २७आरबी, यात ए आणि बी हे त्या त्या वायूचे स्थिरांक. ए ३.६४, बी ०.०४२६७, तेही बरोबर. पण ए-बी लिटर आणि बारमध्ये, आणि आर ८.३१४, म्हणजे ज्यूलमधला, कारण तोच पाठ. लिटर-बारमधला ०.०८३१४ घातला की ३०४ केल्विन येतात, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस. आकडा चुकला याचं काही नाही. पण उत्तराखाली दोन रेघा ओढून पोरगं मोकळं झालं! अरे, हीलियमचंसुद्धा ५.२ केल्विन आहे. भिंतीवरच्या अग्निशामकात कार्बन डायऑक्साइडच द्रवरूपात असतो आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडला की त्याच नळकांड्यात द्रव उरत नाही. एवढं आठवलं असतं तरी पेन थांबलं असतं. मी प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहितो आणि काटाकाटी करतो. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक हुशार मुलांची. तक्त्यातून ए-बी घ्यायचे, तापमान-दाब काढायचे, ते मोजलेल्या आकड्यांशी जुळले की "समीकरण सिद्ध झालं" म्हणायचं. जुळणारच! तक्त्यातले ए-बी बहुधा त्याच तापमान-दाबावरून काढलेले असतात. खरी परीक्षा आकारमानाची. व्हॅन डर वाल्सचं क्रांतिक आकारमान ३बी, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसाठी १२८ घनसेंमी प्रति मोल, प्रत्यक्षात ९४. नंतरचं रेडलिक-क्वाँग समीकरण (१९४९) ११४ देतं, पेंग-रॉबिन्सन समीकरण (१९७६) १०५. म्हणजे नवं समीकरणसुद्धा इथे चुकतंच. क्रांतिक आकारमान हवं असेल तर मोजलेलंच घ्या.

बाकीच्या किरकोळ. व्हॅन डर वाल्सचा ए रेडलिक-क्वाँगमध्ये घालू नका. तिथल्या ए च्या एककात तापमानाचं वर्गमूळही असतं. तापमान केल्विनमध्येच.

आणि क्रांतिक बिंदूवर दाबाचा आकारमानानुसार पहिला आणि दुसरा, दोन्ही अवकलज शून्य हवेत, तेही तापमान स्थिर धरून. एकच मांडून "पुढचं सोपं आहे" असं लिहिणाऱ्याला मी पुढचे गुण देत नाही.