बाबांच्या कॉम्प्युटरवरचे ३७ व्हायरस

रविवारी राजारामपुरीत घरी गेलो, तर बाबा एटीएम कार्ड हातात घेऊन कॉम्प्युटरसमोर. स्क्रीनवर लाल चौकट: '३७ व्हायरस सापडले, पैसे भरा.' आधी कार्ड काढून घेतलं. नेटची वायर उपसली, तरी आकडा ४१! म्हणजे भानगड आतच: खोटे व्हायरस दाखवून पैसे उकळणारं सॉफ्टवेअर, फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत आलेलं.

अनइन्स्टॉल होईना. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि ४ दाबून सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू. तिथं मात्र गुमान निघालं. शेवटी विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावला, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच होणारी तपासणी. तेवढ्यात चहा झाला. ब्राउझरमधल्या अनोळखी साइट्सच्या नोटिफिकेशनही बंद केल्या.

बाबांना अजून शंका आहेच: "मग ते एक्केचाळीस गेले कुठं रं?"