मुलांच्या इमर्जन्सीचं नर्सिंग प्रशिक्षण: सत्राआधीची तयारी

सुरुवात वर्गातून नको, वॉर्डातून करा. रोजची इमर्जन्सी ट्रॉली उघडा आणि सत्रात वापरायचं सामान तिच्याशी जुळवा: त्याच प्रकारच्या बॅगा, त्याच सुया, तेच खण. प्रशिक्षणासाठी वेगळी चकचकीत पेटी मांडली, तर सराव त्या पेटीचा होतो आणि रात्री मूल निळं पडतं तेव्हा हात भलत्याच खणात जातो.

अँब्यू बॅग, म्हणजे मास्क लावून हातानं दाबत श्वास द्यायच्या पिशव्या, तीन मापांत लागतात: नवजाताची साधारण 250 मिलीची, लहान मुलाची 450 ते 500 मिलीची आणि मोठ्यांची. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसावा, डोळ्यांवर दाबला जाऊ नये. प्रत्येक बॅगेचं तोंड तळहातानं बंद करून ती दाबून बघा. अडथळा जाणवला पाहिजे, आणि पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की हवा सोडणारी झडप) असेल तर तो फुस्स करून उघडला पाहिजे. धुऊन पुन्हा जोडताना आतली पातळ रबरी चकती हरवते किंवा उलटी बसते. मग बॅग दाबली जाते, पण छाती काही उचलली जात नाही. अशी एक बिघडलेली बॅग मुद्दाम सामानात ठेवा आणि ती कोण पकडतं ते पाहा. सत्र संपताच ती बाजूला काढायची, हे मात्र एका व्यक्तीवर नावानिशी सोपवा.

छाती दाबून श्वास देण्याच्या (सीपीआर) सरावाला डमी किमान दोन हव्यात, बाळाची आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाची. किशोरवयीनांसाठी मोठ्यांची चालते. पलंगावर सराव असेल तर पाठीखाली कडक फळी घ्या, नाहीतर दाबाचा बराचसा भाग गादीच खाते. दोन बचावकर्ते असताना 15 दाबांना 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 चा वेग, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे बाळात सुमारे 4 आणि मुलात सुमारे 5 सेंमी. जन्मतःच्या बाळाचं 3 दाबांना 1 श्वास हे प्रमाण वेगळं असतं. प्रसूतिकक्षातून आलेल्या सिस्टर इथे हमखास गोंधळतात, म्हणून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. बाळाच्या खांद्यांखाली घालायला टॉवेलची घडी ठेवा. बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे ते सपाट झोपवलं की मान पुढे वाकते आणि श्वासमार्ग दबतो.

सर्वाधिक वेळ औषधं मोजण्याला द्या. वजनाचा काटा किंवा लांबीवरून वजन सांगणारी पट्टी, कॅल्क्युलेटर, लेबलं, 1, 2, 10 आणि 20 मिलीच्या सिरिंज असं सगळं टेबलावर हवं. अॅड्रेनालिनच्या 1 मिली अँप्यूलमध्ये 1 मिग्रॅ औषध असतं. हृदय थांबलं असेल तर त्यात 9 मिली सलाइन घालून 10 मिली करायचं आणि शिरेतून किलोमागे 0.1 मिली द्यायचं. 12 किलोच्या मुलाला 1.2 मिली. त्याच मुलाला अॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र अॅलर्जी) झाला तर पातळ न केलेलं 0.12 मिली मांडीच्या स्नायूत. या दोन द्रावणांची गल्लत झाली की डोस दहापट चुकतो. 2 मिलीच्या सिरिंजवर 0.12 मोजायला सांगा, मग 1 मिलीची का लागते हे वेगळं समजवावं लागत नाही. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायची आणि सिरिंज भरल्याबरोबर लेबल लावायची सवय इथेच लागते. सरावाच्या बाटल्यांवर ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ असं ठळक लिहा आणि त्या मोजून परत घ्या. नकली औषध वॉर्डात पोहोचलं, तर प्रशिक्षणानंच अपघात घडवला असं होईल.

शिर न मिळाल्यास हाडात सुई घालण्याच्या सरावाला कोंबडीच्या तंगडीचं हाड पुरतं. हातमोजे आणि सुयांचा कठीण डबा विसरू नका. नडगीवरची जागा गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्याच्या जरा खाली, आतल्या सपाट बाजूला असते. ती आधी एकमेकींच्या पायावर बोटानं शोधू द्या.

प्रसंग निवडताना पहिलाच हृदयबंदचा नको. मुलांमध्ये बहुतेकदा आधी श्वास किंवा रक्ताभिसरण ढासळतं, हृदय नंतर थांबतं. दम लागलेलं बाळ, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली आकडी, शॉक (शरीराला रक्तपुरवठा कमी पडणं) हे प्रसंग आधी घ्या. आकडीच्या प्रसंगात रक्तातली साखर तपासायची राहिली, तर तो तिथेच थांबवा. शॉकच्या प्रसंगात रुग्णाचा रक्तदाब सुरुवातीला चांगलाच दाखवा, कारण मुलांत तो उशिरा पडतो. थंड हातपाय आणि त्वचा बोटानं दाबून सोडल्यावर तीन सेकंदांहून उशिरा परतणारी लाली यांवरून शॉक ओळखायला शिकवायचं आहे. 10 किलोच्या मुलाला किलोमागे 10 मिली सलाइन म्हणजे 100 मिली. ते थ्री-वे (नळीला लावायची तीन तोंडांची तोटी) लावून 20 मिलीच्या सिरिंजनं पाच वेळा खरोखर ढकलायला लावा, आणि नंतर सलाइन जास्त तर झालं नाही ना हे कळायला यकृत वाढलंय का, फुप्फुसात बुडबुड्यांसारखा आवाज येतो का, हे तपासायला सांगा.

पंधरा-सोळा वर्षांच्या रुग्णाचा एक प्रसंग हवाच, बहुधा विषबाधेचा. रुग्ण म्हणून एखादी सहकारी बसवा आणि तिला सांगून ठेवा, की आईबाप खोलीत असेपर्यंत खरं सांगायचं नाही. त्यांना सभ्यपणे बाहेर कोण नेतं, ते बघायचंय.

एका डमीमागे सहापेक्षा जास्त जणी नकोत. हाताचं कौशल्य काही महिन्यांत विरतं, तेव्हा दहा मिनिटांच्या पुढच्या सरावाची तारीख सत्राच्या आदल्या दिवशीच ड्युटी रोस्टरवर लिहून टाका.